कर्मचाऱ्यांच्या खासगी समाजमाध्यम खात्यांत नियोक्त्याचा प्रवेश

कर्मचाऱ्यांच्या खासगी समाजमाध्यम खात्यांत नियोक्त्याचा प्रवेश हा कामगार कायदा आणि माहितीची गोपनीयता या दोन क्षेत्रांच्या सीमेवरील विषय आहे. नोकरी देताना, नोकरी चालू असताना किंवा एखाद्या तक्रारीची चौकशी करताना नियोक्ता उमेदवाराकडे अथवा कर्मचाऱ्याकडे त्याच्या वैयक्तिक खात्याचा पासवर्ड मागतो, खाते आपल्यासमोर उघडून दाखवण्यास सांगतो किंवा अन्य मार्गाने खात्यातील मर्यादित लोकांसाठी असलेला मजकूर मिळवतो, तेव्हा हा प्रश्न निर्माण होतो. इ.स. २००९ ते २०१२ या काळात अमेरिकेत या प्रथेवर मोठा वाद झाला. मेरीलँड या राज्याने २०१२ मध्ये तिच्यावर बंदी घालणारा अमेरिकेतील पहिला कायदा केला. त्यानंतर निम्म्याहून अधिक अमेरिकी राज्यांनी तसे कायदे केले. युरोपीय संघात हा विषय सर्वसाधारण माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आणि संविधानातील गोपनीयतेचा मूलभूत हक्क यांच्या आधारे त्याचा विचार करावा लागतो.

## व्याप्ती

समाजमाध्यमांवरील मजकुराचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. जो मजकूर कोणालाही पाहता येतो तो सार्वजनिक, आणि जो खातेदाराने निवडलेल्या मित्रांना, गटाला किंवा एकाच व्यक्तीला दिसतो तो खासगी. उमेदवाराचे सार्वजनिक खाते पाहण्यास बहुतेक देशांत सरसकट मनाई नाही. वाद आहे तो दुसऱ्या भागाबद्दल.

खासगी भागात प्रवेश मिळवण्याचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

* थेट पासवर्ड मागणे : अर्जात किंवा मुलाखतीत वापरकर्तानाव व पासवर्ड लिहून घेणे.
* खांद्यावरून पाहणे : पासवर्ड न घेता उमेदवाराला स्वतःच खाते उघडायला लावून त्यातील नोंदी, छायाचित्रे व संदेश पाहणे.
* मैत्रीची सक्ती : मनुष्यबळ विभागातील व्यक्तीला किंवा वरिष्ठाला मित्रयादीत घेण्यास सांगणे.
* गोपनीयतेची मांडणी बदलायला लावणे : खासगी खाते सार्वजनिक करण्याची अट घालणे.
* सहकाऱ्यामार्फत प्रवेश : गटात असलेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून त्याचा पासवर्ड किंवा पडद्याची छायाचित्रे मिळवणे.
* उपकरणामार्फत प्रवेश : कार्यालयीन संगणकावर उघडे राहिलेले खाते वाचणे किंवा चौकशीच्या नावाखाली वैयक्तिक भ्रमणध्वनी ताब्यात घेऊन तपासणे.

परदेशी शासनाने व्हिसासाठी अर्जदाराच्या खात्यांची माहिती मागणे हा यापेक्षा वेगळा विषय आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून समाजमाध्यमांवरील वापरकर्तानावे विचारली जातात. तेथे मागणारा पक्ष नियोक्ता नसतो आणि पासवर्ड मागितला जात नाही.

## पार्श्वभूमी

फेसबुकची सुरुवात २००४ मध्ये झाली आणि २००६ पासून ते तेरा वर्षांवरील कोणालाही खुले झाले. मायस्पेस हे संकेतस्थळही याच काळात लोकप्रिय होते. पूर्वी उमेदवाराची माहिती शिफारसपत्रे, आधीच्या नोकरीतील वरिष्ठ आणि पोलीस पडताळणी यांतून मिळत असे. समाजमाध्यमांमुळे त्याची मते, मित्रमंडळी, धार्मिक व कौटुंबिक जीवन एकाच ठिकाणी पाहणे शक्य झाले. आरंभी बरीच खाती सर्वांना दिसत असल्याने नियोक्त्यांना परवानगीची गरज भासत नसे. वापरकर्ते सावध होऊन खाती मर्यादित करू लागले, तसतशी काही नियोक्त्यांनी पासवर्डचीच मागणी सुरू केली.

## प्रमुख घटना

### बोझमन

अमेरिकेतील मोंटाना राज्यातील बोझमन शहराचे प्रशासन नोकरीच्या उमेदवारांकडून पार्श्वभूमी तपासणीसाठी एक अर्ज भरून घेत असे. उमेदवार ज्या संकेतस्थळांचा, गप्पागटांचा व मंचांचा सदस्य असेल त्यांची नावे, तसेच तेथील वापरकर्तानाव व पासवर्ड लिहिण्यासाठी अर्जात जागा होती. जून २००९ मध्ये ही बाब वृत्तमाध्यमांतून उघड झाली आणि देशभरातून टीका झाल्यावर काही दिवसांतच प्रशासनाने ही पद्धत बंद केली.

### मेरीलँड

२०१० च्या अखेरीस मेरीलँड राज्याच्या तुरुंग विभागातील एक अधिकारी रजेनंतर पुन्हा कामावर रुजू होण्यासाठी मुलाखतीला गेला असता त्याच्याकडे फेसबुकचा पासवर्ड मागण्यात आला. त्याने तो दिला आणि त्याच्यासमक्ष त्याचे खाते उघडून पाहण्यात आले. त्याचा गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध आहे का हे तपासायचे आहे, असे कारण त्याला सांगण्यात आले. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेच्या मेरीलँड शाखेने विभागाला पत्र लिहून आक्षेप नोंदवला. त्या अधिकाऱ्याच्या मित्रांनी केवळ त्याला उद्देशून लिहिलेला मजकूरही त्यामुळे विभागाच्या हाती लागला, हा या प्रकरणातील महत्त्वाचा मुद्दा होता.

विभागाने ही पद्धत ४५ दिवस स्थगित केली आणि नंतर ती 'ऐच्छिक' केली. विभागाने दिलेल्या माहितीनुसार २,६८९ अर्जदारांची समाजमाध्यम खाती पाहण्यात आली होती आणि त्यांतील मजकुरामुळे ७ जणांना नोकरी नाकारण्यात आली होती. पद्धत ऐच्छिक झाल्यानंतरही, नोकरीची गरज असलेला उमेदवार नकार कसा देणार, असा प्रश्न टीकाकारांनी उपस्थित केला.

### २०१२ मधील राष्ट्रीय चर्चा

मार्च २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने या प्रथेविषयी वृत्त दिले आणि विषय अमेरिकाभर गाजला. २३ मार्च २०१२ रोजी फेसबुकच्या गोपनीयता विभागाच्या प्रमुख एरिन ईगन यांनी निवेदन काढून पासवर्ड मागणे अयोग्य असल्याचे जाहीर केले. पासवर्ड दुसऱ्याला देणे हा फेसबुकच्या नियमांचा भंग ठरतो, तसेच खाते पाहिल्यावर उमेदवाराचे वय, धर्म इत्यादी गोष्टी कळल्याने नियोक्त्यावरच भेदभावाचा दावा दाखल होऊ शकतो, असे दोन मुद्दे त्यांनी मांडले. रिचर्ड ब्लूमेंथाल आणि चार्ल्स शूमर या सिनेटरांनी न्याय विभाग व समान रोजगार संधी आयोग यांच्याकडे चौकशीची मागणी केली.

## अमेरिकेतील कायदे

मेरीलँडच्या विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर गव्हर्नर मार्टिन ओ'मॅली यांनी २ मे २०१२ रोजी स्वाक्षरी केली आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून कायदा अमलात आला. वैयक्तिक खात्याचा पासवर्ड मागण्यास, तसेच तो न दिल्याबद्दल कर्मचाऱ्याला शिक्षा करण्यास किंवा उमेदवाराला डावलण्यास या कायद्याने मनाई केली. इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या राज्यांचे कायदे १ जानेवारी २०१३ पासून लागू झाले. मिशिगनने डिसेंबर २०१२ मध्ये केलेल्या कायद्यात नियोक्त्यांबरोबर शिक्षणसंस्थांचाही समावेश केला.

पुढील कायद्यांत व्याप्ती वाढत गेली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पासवर्डखेरीज नियोक्त्यासमोर खाते उघडायला लावण्यासही मनाई आहे आणि समाजमाध्यमाच्या व्याख्येत चित्रफिती, छायाचित्रे, संदेश व ईमेल यांचाही अंतर्भाव आहे. न्यू जर्सीने पहिल्या उल्लंघनासाठी १,००० डॉलरपर्यंत व त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी २,५०० डॉलरपर्यंत दंड ठेवला. ओरेगॉनने २०१५ मध्ये दुरुस्ती करून वैयक्तिक खात्यावरून कंपनीची जाहिरात करण्याची सक्तीही निषिद्ध ठरवली. न्यूयॉर्क राज्याचा कायदा मात्र बराच उशिरा, १२ मार्च २०२४ पासून लागू झाला.

या कायद्यांत काही अपवाद समान दिसतात. नियोक्त्याने पुरवलेली उपकरणे व कामासाठीची खाती, सर्वांना उपलब्ध असलेला मजकूर, आणि गैरवर्तनाची किंवा गोपनीय माहितीच्या चोरीची विशिष्ट चौकशी यांना अनेक राज्यांत सूट आहे. रोखे व वित्तीय व्यवहारांच्या नियमनासाठी आवश्यक तपासणीलाही काही राज्यांनी मोकळीक दिली आहे.

संघराज्य पातळीवर २०१२ मध्ये पासवर्ड संरक्षणाची विधेयके मांडण्यात आली, परंतु ती संमत झाली नाहीत. त्यामुळे कर्मचाऱ्याचे संरक्षण तो कोणत्या राज्यात काम करतो यावर अवलंबून राहते.

## न्यायालयीन निर्णय

राज्यांचे कायदे होण्यापूर्वीपासून अमेरिकी न्यायालयांत असे वाद १९८६ च्या साठवलेल्या संदेशवहनाविषयीच्या संघीय कायद्याखाली चालले. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या साठवलेल्या इलेक्ट्रॉनिक संदेशांत प्रवेश करणे या कायद्याने निषिद्ध आहे. मात्र त्या सेवेच्या अधिकृत वापरकर्त्याने परवानगी दिली असल्यास सूट मिळते. म्हणून 'परवानगी खरी होती का' हाच अनेक खटल्यांचा कळीचा प्रश्न ठरला.

न्यू जर्सीतील एका उपाहारगृहाच्या कर्मचाऱ्यांनी मायस्पेसवर आपसांत बोलण्यासाठी केवळ निमंत्रितांसाठी एक गट काढला होता. व्यवस्थापकाने गटातील एका कर्मचारी महिलेकडून पासवर्ड मिळवला, मजकूर वाचला आणि दोघांना कामावरून काढून टाकण्यात आले. पासवर्ड न दिल्यास आपण अडचणीत येऊ असे आपल्याला वाटले, अशा आशयाची साक्ष त्या महिलेने दिली. २००९ मध्ये ज्यूरीने संघीय कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला आणि पुढे न्यायाधीशांनी तो कायम ठेवला. गोपनीयतेच्या भंगाचा स्वतंत्र दावा मात्र ज्यूरीने मान्य केला नाही.

२०१३ मध्ये न्यू जर्सीतीलच संघीय न्यायालयापुढे रुग्णसेवा संस्थेतील एका परिचारिकेचे प्रकरण आले. मित्रयादीपुरती मर्यादित असलेली फेसबुक नोंद या कायद्याच्या संरक्षणात येते, असे न्यायालयाने मान्य केले. तथापि मित्रयादीतील सहकाऱ्याने कोणत्याही दबावाविना, व्यवस्थापनाने न मागता पडद्याची छायाचित्रे दिली होती. त्यामुळे नियोक्त्याला अपवादाचा लाभ मिळाला. दोन्ही निकाल एकत्र पाहिल्यास फरक स्पष्ट होतो : पहिल्या प्रकरणात परवानगी नोकरीच्या भीतीपोटी दिलेली होती, दुसऱ्यात माहिती स्वेच्छेने पोहोचली होती.

## युरोप

जर्मनीच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१० मध्ये एका विधेयकाच्या मसुद्याला मंजुरी दिली होती. उमेदवाराची माहिती फेसबुकसारख्या मैत्रीच्या माध्यमांवरून गोळा करण्यास त्यात मनाई होती, तर व्यावसायिक ओळखीसाठीच्या माध्यमांना मुभा होती. हे विधेयक पुढे संमत झाले नाही.

युरोपीय संघाचा सर्वसाधारण माहिती संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमती मुक्तपणे दिलेली असावी लागते. नियोक्ता आणि कर्मचारी यांच्या ताकदीत मोठी तफावत असल्याने कर्मचाऱ्याची संमती सहसा मुक्त मानता येत नाही, अशी भूमिका युरोपातील माहिती संरक्षण प्राधिकरणांच्या संयुक्त कार्यगटाने जून २०१७ मधील मतपत्रात घेतली. उमेदवाराने नियोक्त्याला मित्रयादीत घ्यावे किंवा अन्य प्रकारे खात्यातील मजकूर उपलब्ध करून द्यावा, अशी सक्ती करण्यास कोणताही कायदेशीर आधार नाही, असेही या मतपत्रात नमूद आहे.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'बार्बुलेस्कु विरुद्ध रोमानिया' या प्रकरणात दिलेला निकाल याच संदर्भात उल्लेखिला जातो. कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजर खात्यावरील कर्मचाऱ्याचे खासगी संदेश नियोक्त्याने वाचले होते. देखरेखीची व तिच्या व्याप्तीची पूर्वसूचना होती का, याची राष्ट्रीय न्यायालयांनी पुरेशी तपासणी केली नाही, असे सांगत पीठाने खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवले. खाते कामाचे असूनही हे संरक्षण मिळाले, हे या निकालाचे वैशिष्ट्य आहे.

## भारत

भारतात नियोक्त्याने वैयक्तिक खात्याचा पासवर्ड मागण्यास नाव घेऊन मनाई करणारी तरतूद नाही. तरीही पुढील तरतुदी या प्रश्नाशी संबंधित आहेत.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० : कलम ४३ नुसार संगणक किंवा संगणकजाळ्यात मालकाच्या अथवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना प्रवेश केल्यास नुकसानभरपाई देय ठरते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तो गुन्हा होतो. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा कपटाने वापरणे कलम ६६ग खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र आहे. ही कलमे चोरून केलेल्या प्रवेशाला लागू पडतात. कर्मचाऱ्याने दबावाखाली स्वतःच पासवर्ड दिला असेल, तर त्या परवानगीच्या खरेपणाचा प्रश्न प्रथम उभा राहतो.

२०११ चे नियम : याच अधिनियमाच्या कलम ४३अ खाली करण्यात आलेल्या नियमांत संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या यादीत पासवर्डचा समावेश आहे. अशी माहिती घेताना लेखी संमती आवश्यक असते आणि माहिती कायदेशीर हेतूसाठी व त्या हेतूपुरती गरजेची असावी लागते. हे नियम कंपन्या, भागीदारी संस्था व तत्सम व्यावसायिक संस्थांसाठी आहेत.

गोपनीयतेचा हक्क : २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 'न्या. के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. शासकीय नियोक्त्यावर हे बंधन थेट येते. अनुच्छेद १९ व २१ मधील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येऊ शकतात, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये बहुमताने व्यक्त केले.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ : या अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट व निःसंदिग्ध असावी लागते. व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा अधिनियम लागू होत नाही; म्हणजेच सर्वांसाठी खुली नोंद त्याच्या बाहेर राहते, मर्यादित मित्रांपुरती नोंद मात्र या अपवादात बसत नाही. दुसरीकडे कलम ७ मध्ये नोकरीविषयक हेतूंसाठी, तसेच औद्योगिक हेरगिरी व व्यापारी गुपितांची गळती यांसारख्या नुकसानीपासून नियोक्त्याचे रक्षण करण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. या मुभेची भाषा व्यापक आहे आणि वैयक्तिक समाजमाध्यम खात्यांचा तीत वेगळा उल्लेख नाही. अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येतात.

### महाराष्ट्रातील शासकीय कर्मचारी

महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. समाजमाध्यमांच्या वापराबाबत राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवणे, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका न करणे आणि गोपनीय कागदपत्रे प्रसारित न करणे, अशा बाबींचा त्यांत समावेश आहे. या सूचनांचा रोख कर्मचारी काय प्रसिद्ध करतो यावर आहे. कर्मचाऱ्याच्या वर्तनाचे नियमन आणि त्याच्या खात्यात प्रवेश या दोन वेगळ्या बाबी आहेत.

## नियोक्त्यांची भूमिका

पोलीस, तुरुंग, बालसंगोपन अशा संवेदनशील कामांत उमेदवाराची सखोल पडताळणी आवश्यक असल्याचे नियोक्ते सांगतात. चुकीच्या व्यक्तीची नेमणूक झाल्यास तिच्या कृत्यांची जबाबदारी संस्थेवर येऊ शकते. व्यापारी गुपिते फुटणे, सहकाऱ्यांचा ऑनलाइन छळ आणि संस्थेची बदनामी या कारणांसाठीही खात्यांची तपासणी हवी असते. वित्तीय संस्थांना ग्राहकांशी झालेल्या व्यावसायिक संदेशांच्या नोंदी नियमानुसार जतन कराव्या लागतात. कर्मचारी वैयक्तिक खात्यावरून असे संदेश पाठवत असल्यास ती अडचण ठरते.

## आक्षेप

* संमतीतील विषमता : नोकरी मागणारा आणि देणारा समान पातळीवर नसतात. नकार दिल्यास संधी जाईल या भीतीने दिलेला होकार ऐच्छिक ठरत नाही.
* त्रयस्थांची गोपनीयता : खात्यात केवळ खातेदाराचे लिखाण नसते. मित्र व नातेवाईक यांनी विश्वासाने पाठवलेले संदेशही त्यात असतात आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते.
* भेदभाव : धर्म, जात, राजकीय मत, आजार, गर्भधारणा, लैंगिक कल यांसारखी माहिती मुलाखतीत विचारता येत नसली वा विचारणे अनुचित असले, तरी खात्यातून ती सहज कळते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अलेसांद्रो अक्विस्टी आणि क्रिस्टिना फाँग यांनी ४,००० हून अधिक अमेरिकी नियोक्त्यांकडे काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवून प्रयोग केला. संपूर्ण देशाच्या पातळीवर ठळक फरक आढळला नाही. परंतु रिपब्लिकन पक्षाचा प्रभाव असलेल्या भागांत समाजमाध्यमावर मुस्लिम दिसणाऱ्या उमेदवाराला ख्रिस्ती दिसणाऱ्या उमेदवारापेक्षा कमी बोलावणी आली. या प्रयोगातील माहिती सार्वजनिक खात्यांवरची होती.
* संघटनस्वातंत्र्य : वेतन व कामाच्या अटींविषयी कर्मचारी खासगी गटांत चर्चा करतात. त्या गटांत व्यवस्थापनाची नजर पोहोचल्यास संघटित होण्याच्या हक्कावर परिणाम होतो.
* सुरक्षितता : एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरला जात असल्यास तो दिल्याने ईमेल व बँक खातीही धोक्यात येतात. खाते दुसऱ्याच्या हाती गेल्यावर त्यातून केलेली नोंद कोणाची, हे सिद्ध करणेही अवघड होते.

## कायद्यांच्या मर्यादा

पासवर्डबंदीचे कायदे थेट मागणी थांबवतात, परंतु नियोक्त्याला माहिती मिळण्याचे सर्व मार्ग बंद करत नाहीत. सहकाऱ्याने स्वेच्छेने दिलेली छायाचित्रे बहुधा या कायद्यांच्या बाहेर राहतात. नाकारलेल्या उमेदवाराला नकाराचे खरे कारण सहसा कळत नाही, त्यामुळे पुरावा उभा करणे कठीण जाते. वैयक्तिक भ्रमणध्वनीवरच कार्यालयीन काम करण्याची पद्धत रूढ झाल्याने वैयक्तिक व कामाचे खाते यांतील सीमाही धूसर झाली आहे. व्हॉट्सॲपच्या एकाच खात्यात कुटुंबाचा आणि कार्यालयाचा गट शेजारी शेजारी असतात. चौकशीसाठीचा अपवाद किती व्यापक मानायचा, यावर या कायद्यांची परिणामकारकता बऱ्याच अंशी अवलंबून असते.

## हेही पहा

* गोपनीयतेचा हक्क
* माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
* डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३
* कामाच्या ठिकाणची देखरेख
* समाजमाध्यमे